पाच कोंबड्यांबद्दलची तक्रार

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. इकडे एक नवंच झेंगट उभं राहिलंय. आपल्या अंगणातल्या पाच कोंबड्यांविरुद्ध कुणीतरी नगरपालिकेत तक्रार केली आहे. शहरात कोंबड्या पाळायला बंदी आहे का, ते विचारायला मी कचेरीत गेले. आरोग्य खात्यातले म्हणाले, पाळा, पण कोंबडा नको. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, कोंबडा चालेल, खुराडं भिंतीपासून लांब हवं. तिसऱ्यानं विचारलं, पाळीव प्राणी की धंदा? मी म्हटलं, कोंबड्या आहेत हो. तर म्हणाला, तसा रकानाच नाही!

तक्रार कुणाची, ते सांगत नाहीत. मला शेजारच्या शिक्षिकेचा संशय आहे. तू गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर, तुला काही ठाऊक असेल तर कळव. यांची तब्येत तशीच. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि आता सकाळ की संध्याकाळ, ते विचारतात. पण कोंबड्यांना दाणे टाकताना चेहरा उजळतो. म्हणून तर जीव टांगणीला लागलाय.

घरच्यांना आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. १० मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

हसावं की रडावं, कळेना. आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तुमच्या शहरात एक जुना नियम आहे, एक नवा आहे, आणि नव्यानं जुना रद्द झाला की नाही, ते कुणीच वाचलेलं नाही. तेव्हा खुराडं कुंपणापासून लांब सरकव, रोज झाडून घे, अंडी विकू नकोस. शिक्षिकेला चार अंडी नेऊन दे. लहानपणी मी चुगली करू नये म्हणून तू असाच खाऊ द्यायचीस, आणि मी खाऊ संपवून मगच चुगली करायचो!

भाऊजींना नमस्कार. माझं नाव काढतात का कधी?

लोभ आहे, तो दाण्यापाण्यासारखा रोज मिळावा.

तुझा,
धाकटा

ता. १८ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

अंडी दिली आणि तोंडघशी पडले. शिक्षिका म्हणाली, मी कशाला तक्रार करू? आमची छोटी तुमच्या कोंबड्या दाखवल्याशिवाय घास घेत नाही.

काल निरीक्षक आले. खुराडं पाहिलं, ठीक म्हणाले. मग हातातला पत्ता पुन्हा वाचून मान खाजवायला लागले. म्हणाले, बाई, तक्रार याच घरातली आहे. एक वयस्कर गृहस्थ स्वतः येऊन सांगून गेले, की आमच्या अंगणात कुणी परकी बाई कोंबड्या पाळते, घरातही वावरते, ती कोण ते बघा.

मी पायरीवरच बसले. हे समोर दाणे टाकत होते. मागे एकदा हे दूध आणायला म्हणून गेले आणि हात हलवत परतले, तेव्हाच कचेरीत गेले असणार. निरीक्षक म्हणाले, तक्रार नोंदलेली आहे, ती यांनीच मागे घ्यायला हवी, नाहीतर कोंबड्या उचलून न्याव्या लागतील. मी यांना काय सांगू? रागवायचं तरी कुणावर?

सुचेल ते लिही. आठवण असू दे.

तुझी,
ताई

ता. २३ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

गुरांच्या औषधांपलीकडे मला अक्कल नाही. पण भाऊजींशी वाद घालू नकोस. तू कोण, ते पटवायलाही जाऊ नकोस. नुसती त्यांना सोबत म्हणून कचेरीत जा. मी रजा मिळाली की निघतोच.

तुझ्या मायेवर वाढलेला,
धाकटा

ता. २८ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

जाऊन आलो. वाटेत हे माझ्याशी अदबीनं बोलत होते. रस्ता ओलांडताना माझा हात धरला आणि म्हणाले, जपून हं, तुम्ही इथे नवीन दिसता.

कचेरीत निरीक्षकांनी विचारलं, कोंबड्यांबद्दल काय तक्रार आहे? हे म्हणाले, काहीच नाही, कोंबड्या माझ्याच आहेत. मग त्या बाईंबद्दल? हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, बाई चांगल्या आहेत. कोंबड्यांना त्यांची सवय झालीये. राहू द्या त्यांना.

निरीक्षकांनी तक्रार मिटवली. नियम काय आहे, ते मला अजूनही समजलेलं नाही. मी विचारलंही नाही.

घरी पोचल्यावर मी दाराशी चप्पल काढत होते, तर यांनी आतून विचारलं, जेवूनच जाल ना? मी हो म्हटलं. मग पदर खोचला आणि स्वयंपाकाला लागले.

तू ये. दोघांनाही बरं वाटेल.

तुझी,
ताई