आठवा सूर आणि होणारे व्याही

द्वारका, दिल्ली, मंगळवार

ती. लतिकाताई,

अविनाशचा नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण डाव्या हाताची चार बोटं सोलवटली आहेत, जमिनीला टेकवत नाहीत. कारण पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची शुगर? आमच्याकडे देविका आणि इशिता बऱ्या आहेत, मीच महिनाभर नीट जेवलेलो नाही. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू पहिल्या वाक्यालाच सल्ला देतेस आणि मला एकदा शेवटपर्यंत बोलायचं आहे.

इशितानं सुयश साळवेशी लग्न ठरवलंय, हे तुला माहीत आहे. ते ख्रिस्ती, आपण हिंदू, म्हणून सोसायटीतले लोक मला धीर द्यायला येतात. त्यांना कसं सांगू की मला धर्माची काळजी नव्हतीच, गिटारची होती. सुयशचे वडील उल्हासराव चाळीस वर्षं दिल्लीकर, बँकेतून निवृत्त झालेले आणि जॅझ गिटार वाजवणारे. त्यांनी इशिताला सहज विचारलं, तुमच्या घरी संगीत आहे का? आमची कन्या म्हणाली, बाबा वाजवतात ना गिटार. (कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी तीन कॉर्ड वाजवल्या होत्या. त्यातली एक चुकीची होती, असं तूच म्हणाली होतीस.) उल्हासरावांना इतका आनंद झाला की लगेच जेवणाचं बोलावणं आलं. महिन्यानंतरचा रविवार, गिटार घेऊन या, जोडीनं वाजवू. मी इशिताला जाब विचारला, तर म्हणते, "बाबा, एकच तर धून आहे यार, शिकून घ्या ना."

मग शोधाशोध केली. मुनिरक्यात मयुरा नावाची मुलगी पीएचडी करता करता भाड्याच्या खोलीत गिटार शिकवते. जुनी गिटार पाठीवर टाकून दर शनिवारी मेट्रोनं निघायचं, जनकपुरीला गाडी बदलायची. (पहिल्याच दिवशी तपासणीवाल्या जवानानं आधी गिटारकडे, मग माझ्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाला, "जाइए अंकल." त्यातली दया मला अजून आठवते.) मयुरा म्हणाली, काका, जॅझमधला बीबॉपचा स्केल घेऊ, त्यातूनच सगळ्या कॉर्ड बांधता येतात. आता ताई, आपण जन्मभर सात सूर मोजले. या स्केलमध्ये आठ. प नंतर कोमल ध, त्याला लागूनच शुद्ध ध. दोन्ही धैवत शेजारी शेजारी, म्हणजे मला आधी छपाईची चूकच वाटली. (देविका म्हणाली, एक पोळी जास्त लाटल्यावर तू कधी तक्रार केली नाहीस.) यातले एकाआड एक सूर उचलायचे. सा, ग, प, ध एकत्र वाजवले की घरी पोचल्यासारखं वाटतं. उरलेले रे, म, कोमल ध, नी एकत्र वाजवले की कुणीतरी अजून घरी पोचायचंय असं वाटतं. धून एकेक पायरी चढते तशा या दोन कॉर्ड आलटून पालटून येतात: घर, काळजी, घर, काळजी. सातच सूर असते तर वरच्या सा ला क्रम चुकून तिथं काळजी आली असती, म्हणून तो आठवा. समजायला मला एक शनिवार लागला, बोटांना चारही पुरले नाहीत. काळजीची कॉर्ड मात्र पहिल्या दिवसापासून बिल्कुल स्वच्छ वाजायची.

परवाचा रविवार उजाडला. नोएडाला साळव्यांकडे गेलो. जेवण उत्तम होतं म्हणे. मग गिटार निघाल्या. उल्हासराव धून वाजवणार, मी खाली कॉर्ड द्यायच्या. त्यांनी मान हलवली, मी घाबरून एक पायरी पुढची कॉर्ड धरली आणि सगळंच उलटं झालं. ते सा वर येऊन विसावायचे आणि मी खालून काळजी वाजवायचो. थांबता येईना, बोटं पाठ केल्याप्रमाणेच पळत होती. इशिता ताटलीतली संत्र्याची फोड बघत बसली होती. मला वाटलं, संपलं, बापाचं खोटं पकडलं, आता हे मुलीचं काय खरं मानणार. तेवढ्यात उल्हासरावांनी, माझ्याकडे न बघता, एक सूर लांबवला. नुसते तिथं थांबून राहिले. माझी पुढची कॉर्ड आली ती घरची, आणि मग ते माझ्याबरोबर निघाले. शेवटपर्यंत दोघं एकत्र गेलो ताई. कुणाला काही कळलंही नाही.

नंतर पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा ते मागोमाग आले. मी म्हटलं, उल्हासराव, मला वाजवता येत नाही, महिनाभरापूर्वी शिकायला लागलोय. ते म्हणाले, "ते पहिल्या कॉर्डलाच कळलं. चला, परत वाजवू. या वेळी तुम्ही सुरू करा, मी मागून येतो."

तेव्हा मला इशिताची काळजी वाटेनाशी झाली. परतताना मेट्रोत झोप लागली, देविकानं द्वारका मोड आल्यावर उठवलं. काल सकाळी पोटभर पोहे खाल्ले.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
अविनाश

ता. क. साखरपुडा बावीस तारखेला. तू आठ दिवस आधीच ये.

ता. क. पुन्हा. पत्र खरं तर यासाठीच लिहिलं. निघताना उल्हासरावांनी विचारलं, मग घरात संगीत कुणाकडे? मी नुकतंच खरं बोललो होतो, पुन्हा लगेच जमेना. तुझं नाव सांगितलं. पुढच्या रविवारी ते पुण्यात एका लग्नाला येताहेत, सकाळी दहाला तुझ्याकडे येतील, गिटार घेऊन. घाबरू नकोस, तुझ्या आवाजाबद्दल मी काहीच बोललो नाही. तू तीस वर्षं रोज पहाटे रियाज करतेस, एवढंच सांगितलं.