डॉक्टरांचा डी-डायमर

मुलुंड, १० जानेवारी २०२२

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबा गेल्यापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. अक्षर तूच गिरवून घेतलंस, तेव्हा रागावू नकोस.

पेशंटबद्दल घरी लिहायचं नसतं, तरी लिहिते. आपले जोगेश्वरीचे डॉक्टर नंदकिशोर इथे मुलीकडे आले होते. कोविड होऊन ते आमच्याच हॉस्पिटलात भरती झालेत. त्यांची रक्ताची नळी लॅबमध्ये माझ्याच टेबलावर आली. डी-डायमर साडेसहाशे. रक्तात गुठळ्या होऊ लागल्या की हा आकडा वाढतो. पाचशेच्या आत हवा. बाबांचा चार हजार होता. तो रिपोर्ट मी याच डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, त्यांनी दोन दिवस उघडलाच नाही. मला विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही असं त्यांनी बजावलेलं, म्हणून आपण वाट बघत बसलो. तिसऱ्या सकाळी फुप्फुसात गुठळी. नंतर म्हणाले, बघायचं राहून गेलं.

गुरुवारी त्यांची पुन्हा तपासणी आहे. आकडा धोक्याचा निघाला तर अर्ध्या तासात वॉर्डला फोन करून रजिस्टरमध्ये वेळ लिहायची, हा नियम. फोन मीच करायचा. आत्या, मला माझीच भीती वाटते.

गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझीच,
गंधाली


जोगेश्वरी, १३ जानेवारी

चि. गंधालीस,
अ. आ.

अक्षर खरंच कोंबडीने नाचून काढल्यासारखं आहे. जेवतेस ना वेळेवर?

घाबरतेस कशाला? तुझंही राहून जाऊ दे की. बाळ, तुझा बाप, माझ्या कडेवर वाढलेला भाऊ. धाप लागली तरी विचारत होता, डॉक्टरांचं काही आलं का. मी दर तासाला सांगायची, येईल रे. ते खोटं त्या मेल्याने माझ्या तोंडून वदवून घेतलं. आता त्याच्या मुलीला म्हणू दे. त्याची नळी सगळ्यात शेवटी लाव. आकडा आला की चहाला जा. पाप लागलं तर माझ्या नावावर टाक.

बाहेर मास्क काढू नकोस.

तुला जपणारी,
सुनंदाआत्या


मुलुंड, २६ जानेवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तेव्हा पाप तुझ्या नावावर टाकता येत नाही.

गुरुवारी आकडा आला अडतीसशे. नमुन्यात काही खोट वाटली तरच तपासणी पुन्हा करतात. खोट नव्हती. तरी मी पुन्हा लावली. एकवीस मिनिटं मशीनसमोर बसून होते, आणि खरं सांगते, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

आकडा तोच आला. फोन केला, सिस्टरकडून आकडा परत वदवून घेतला. लगेच इंजेक्शनं सुरू झाली. अर्धा तास उलटला नव्हता, कुणाला कळलंही नसतं. पण मी रजिस्टरमध्ये उशिराचं कारण लिहिलं: मुद्दाम. आमच्या लॅबच्या प्रमुखांना, चैतन्य सरांना, दाखवलं. त्यांनी मला रक्तावरून काढून लघवी तपासायच्या टेबलावर बसवलं.

डॉक्टर सुटायच्या दिवशी मी वॉर्डात जाऊन त्यांनाही सांगितलं. त्यांनी नाव विचारलं. मी बाबांचं सांगितलं.

माझ्यावर रागावली असशील तरी दोन ओळी पाठव.

तुझीच,
गंधाली


जोगेश्वरी, २० फेब्रुवारी

चि. गंधालीस,
अ. आ.

रागावलेच होते. एकवीस मिनिटांत काय होतं गं? वर कबुली देऊन आलीस! इतकं खरं वागायला मी तुला शिकवलं, ही माझीच चूक.

आज सकाळी बेल वाजली. दारात नंदकिशोर. हातात काठी, अंगातले कपडे लोंबतायत. म्हणाला, माफी मागायला आलोय. मी म्हटलं, थांबा, बघते. दार लावलं आणि तुला पत्र लिहायला बसले.

तो जिन्यात बसलाय. समोरच्या नलिनीने खुर्ची देऊ का विचारलं, मी म्हटलं पायरी आहे की. मघाशी त्याने पुन्हा बेल वाजवली. मी आतूनच म्हटलं, बघतेय. पाऊण तास झाला. तुला वाटलं तसं मलाही बरं वाटतंय. लिहायला काही उरलं नाही, तरी पेन खाली ठेवत नाहीये.

खोकतोय. कोरडा, दोन-दोनदा, मग धाप. थेट बाळसारखा. असा खोकला ऐकत मला बसवत नाही गं.

उठते. पाणी नेऊन देते. माफी देणार नाही.

तुझी,
सुनंदाआत्या