मालेमा स्टेशनवर बाबांची चौकशी

कुआंबा

आईला अनसेल्मोचा नमस्कार,

सुखरूप पोहोचलो. बाबांचे रेल्वेतले सामान उद्या मिळेल. तू जेवतेस ना?

वाटेत मालेमाला केळी विकणाऱ्या आतिजामावशींनी मला खिडकीत ओळखले. "अगदी बापाचं नाक! कुठाय म्हातारा ड्रायव्हर? रुसला की काय? लढाईत इंजिनावर गोळ्या यायच्या, तरी गाडी आणायचा मेला!"

"बाबा गेले, मावशी."

त्या टोपली ठेवून जमिनीवरच बसल्या. मग फलाटावर खायचे पदार्थ विकणाऱ्या सगळ्याच बायका बसल्या. कुणी काही विकेना. त्या उठेपर्यंत नव्या ड्रायव्हरनेही गाडी हलवली नाही.

सगळी गाडी उपाशी आली, पण कुणी कुरकुरले नाही.

आई, आता तू दोन घास खा.

तुझा,
अनसेल्मो