आईची सही

रसिकाच्या बाबांस,

फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही, म्हणून लिहिते. हे पाठवणार नाही. गणपतीला घरी आलात की समोर बसवून वाचून दाखवेन.

आपल्या पोरीला दिवस गेले होते, वर्गातल्याच पोरापासून. तुमचे भाऊ, भावोजी म्हणाले, "त्याच्याशीच लगीन उरकून टाकू." मी रसिकाला विचारलं. ती म्हणाली, "आये, मला लगीन नको गो, मूलबी नको. दहावी द्यायचीय."

सोळाव्या वर्षी माझं लग्न ठरलं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोलादपूरहून एसटीनं तिला महाडला डॉक्टरबाईंकडे नेलं. नववा आठवडा होता. बाई म्हणाल्या, "अठराच्या आतली आहे, गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते. आईची चालते. पोलिसांना कळवावं लागेल, पण तुम्ही म्हणालात तर तिचं नाव देणार नाही."

"नाव नको," म्हटलं आणि सही केली. अक्षर नीट आलं.

रसिका आता बरी आहे. सोमवारपासून शाळेत जाते.

चूक माझीही आहे. दिवस कसे राहतात, कसे टाळायचे, हे मी तिला कधी सांगितलंच नाही. लाज वाटायची. परवा आरोग्य केंद्राच्या आशाताईंना हेच समजावून सांगायला अंगणात बोलावलं, वाडीतल्या सात पोरी गोळा केल्या आणि मीही त्यांच्यात बसले. एक लाजून उठून निघाली, तिला हाताला धरून खाली बसवलं.

तुम्हाला राग येईल. तो माझ्यावर काढा. रसिका ताट वाढायला आली, की आधी तिला अभ्यासाचं विचारा.

रसिकाची आई,
मंजुळा