घोडं ओघळीत, आपण बांधावर

माय, तुझ्या जावयांनी आणि मी मिळून चाकांवरचं घर घेतलंय. तुला हे कळलं असतं तर तू आधी पोट धरून हसली असतीस आणि मग म्हणाली असतीस, "आगं, यातनं सुटावं म्हनून तर तुला साळंत घातलं व्हतं ना?" व्हय, घातलं होतंस. मी शिकले, शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरी केली, शहरात सिमेंटचं घर बांधलं, रिटायर झाले आणि आता पुन्हा बिऱ्हाड घेऊन हिंडते. गाडी छोटीच आहे. आत दोघांपुरता पलंग, एक शेगडी, हात धुवायला बेसिन आणि खिडक्यांना पिवळे पडदे. पडद्यांचं कापड गुलमंडीतून आणलं, दुकानदार घासाघीस करून थकला तरी मी हटले नाही. लोक तिला मोटरहोम म्हणतात. तुझे जावई बिऱ्हाडच म्हणतात. गाडी थांबली रे थांबली की ते आधी चहा ठेवतात, मग उतरून आसपास काय आहे ते बघतात.

आता माझ्या डोक्यात नवीन खूळ शिरलंय. गाडीला फोर व्हील करायचं. सध्या इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जाते, पुढची दोन नुसती सोबतीला आहेत. ती चारही कामाला लावायची. हे खूळ कुठून आलं तेही सांगते. गेल्या दिवाळीनंतर आम्ही अजिंठ्याकडं गेलो होतो. लेणी बघायला नाही, ती बघून झालीत. मी जिथं जन्मले त्या माळावर मला एक रात्र आमच्या बिऱ्हाडात झोपायचं होतं. मेंढरं वळता वळता तुला कळा सुरू झाल्या आणि दिवस मावळताना तू मेंढरांबरोबर मलाही पालावर घेऊन आलीस, हे तू शंभरदा सांगितलंस, आणि दर वेळी त्यात मेंढरांचंच कौतुक जास्त असायचं. तर आम्ही डांबरी रस्ता सोडून गाडी कच्च्या वाटेला घातली. आदल्या दिवशी अवकाळी पडून गेलेला. काळ्या रानानं मागची चाकं अशी धरली की मी जितकी रेस करीन तितकी गाडी खाली चालली. शेवटी एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टर लावून ओढून काढली. वरून म्हणतो, "ताई, येवढा गुळगुळीत रस्ता सोडून हिकडं काय नेलं व्हतं?" मी म्हणाले, "जन्मगाव बघायला." त्यानं चारी दिशांना मान फिरवली. गाव कुठंच नव्हतं. तुझे जावई हळूच म्हणाले, "माळच बघायचाय ना? मग चालत जा की. मी इथं चहा करून ठेवतो." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

परत आल्यावर पहिलं काम म्हणजे मिस्त्रींकडं गेले. हे आमचे नेहमीचे गॅरेजवाले, वयानं माझ्याहून थोडे लहान, मला आपा म्हणतात. गाडीखाली सरपटत गेले, बराच वेळ नुसते त्यांचे पाय दिसत होते. मग आतूनच आवाज आला, "हो जाता आपा, कायकू नै होता? आगे का एक्सल बदलना, बीच में ताकद बाँटने का डब्बा बिठाना. पन गाडी एक बित्ता उप्पर जाती. और पानी की टाकी नीचे से निकालना पडता." पुढं आरटीओची मंजुरी वगैरे आलीच, ती मी काढते म्हटलं. मला तर कधी एकदा ती वर उचललेली गाडी बघते असं झालं होतं. टाकी आत पलंगाखाली घेऊ, मीच म्हणाले, आणि तिच्यासमोरच्या बाजूला शेगडी आणि भांड्यांचं कपाट, म्हणजे गाडी एका अंगाला झुकणार नाही. मिस्त्री बाहेर आले आणि माझ्याकडं बघतच राहिले.

त्यांना काय माहीत हे मी कुणाकडून शिकले. मी तुझ्या घोड्याच्या एका अंगाला झोळीत बसलेली असते, दुसऱ्या अंगाला माझ्या वजनाची दोन कोकरं. वर पाल, घोंगड्या, पिठाची थैली, जर्मनची पातेली. बा मेंढरं घेऊन मागून येतो, तू घोडं घेऊन पुढं, म्हणजे तो पोचेपर्यंत चूल पेटलेली. पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या सुगीला तुझ्या आईनं तुला घोडं लादायला शिकवलं, तेव्हा तुझा हात घोड्याच्या पाठीलाही पुरत नव्हता, असं तू सांगायचीस. एकदा वाटेत मला एका कोकराची दया आली आणि मी त्याला खाली सोडून दिलं, तर तू केवढी खवळलीस माझ्यावर! "घोड्याची पाठ काय तुज्या बाची हाय व्हय? एका अंगाला वझं झालं की सोलून निघती ती!" आणि कोकराच्या जागी तेवढाच धोंडा ठेवलास. मला रडू आलं होतं, पण पुढं कारखान्यात क्रेननं माल चढवताना कुणाकडूनही तोल चुकला की मी तुझ्याच आवाजात ओरडायची.

असं सगळं छान चाललेलं, आणि माशी शिंकली. तुझ्या जावयांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर ते माझ्याही पुढं चालतात, पण पाय उंच उचलायची वेळ आली की गडबड. आताच्या गाडीत ते दाराला धरून कसेबसे चढतात. ती अजून वीतभर वर गेली तर? गॅरेजात मिस्त्रींची एक जीप उभी होती, आमच्या गाडीचं दार नंतर जेवढं उंच होईल तेवढीच उंच. मी ह्यांना म्हटलं, चढून बघा. त्यांनी एक पाय वर नेला, तो हवेतच थरथरायला लागला. मिस्त्रींनी स्टूल आणलं. त्यावर चढले, आणि तिथून पुढं पाय टाकायचा तर स्टूल डुगडुगलं. त्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की मला त्यांची भीती हाडापर्यंत कळली. खाली उतरून म्हणाले, "स्टुलावर चढून घरात जायचं? मी काय पंखा पुसायला चाललोय?" सगळे हसले. रिक्षात मात्र ते गुडघा चोळत बसले. मग म्हणाले, "तू करून घे गं. तुझा जीव त्यात आहे. मी घरी थांबेन." त्यांच्या चहाशिवाय तो माळ घेऊन मी काय करू? दोन दिवस मी चिडचिड करत होते, त्यांच्यावर, गुडघ्यावर, त्या वीतभर उंचीवर. मिस्त्रींना फोन करून नको सांगायचं, असंही ठरवून टाकलं होतं.

आणि मग परवा सकाळी भाकरी थापताना तू आठवलीस. भाकरी तव्यावर, आणि मला दिसतोय बा, बाभळीचा काटा मोडून पाय भोपळ्याएवढा सुजलेला. शेतमालकाला रान नांगरायचंय, आपल्याला हलायलाच हवं. बा म्हणतो, "मला नाय घोड्यावर चढता येत. तुमी व्हा फुडं, मी येतो बसत उठत." तो असा बोलला की तुझं डोकंच फिरायचं. तू घोडं धरलंस आणि शेताच्या कडेच्या ओघळीत उतरवलंस. घोड्याची पाठ बांधाच्या बरोबरीला आली. मग बाला म्हणालीस, "या आता बांधावर. घोडं उंच नाय, तुमीच खाली उभं व्हतात." बा उंबरा ओलांडल्यासारखा बांधावरून घोड्यावर गेला. आणि तू लगाम धरून पुढं चालायला लागलीस, जसं काही विशेष झालंच नव्हतं.

अगं, माझी भाकरी करपली! मी तशीच ओरडले, "अहो, चपला घाला!" गॅरेजचा ओटा उंच आहे आणि रस्ता खाली, हे मी इतकी वर्षं बघतेय. मिस्त्रींना म्हटलं, ती जीप जरा रस्त्यावर ओट्याला चिकटून लावा. त्यांना वाटलं आपा सटकली. लावली त्यांनी. ह्यांना ओट्यावरून चालवत आणलं. तुझे जावई गॅरेजच्या फाटकाविषयी काहीतरी बोलत होते, बोलता बोलता एक पाऊल पुढं टाकलं आणि जीपमध्ये जाऊन बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं. माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "चहा कुठंय?" मला हसू आवरेना, रडूही आवरेना. मिस्त्री म्हणाले, "आपा, ये कहाँ सीखे तुम?" मी म्हटलं, "घोडे से." आता मुक्काम निवडताना मी आधी ओघळ बघणार, बांध बघणार, मगच ब्रेक दाबणार. डोंगरात बांधांना काय तोटा?

तर ठरलं. सोमवारी गाडी मिस्त्रींकडं जाते. हे आत्तापासूनच चहाचा डबा कुठं ठेवायचा यावर भांडताहेत. हे पत्र मी कुठं टाकणार, तुझा पत्ता तर तू होतीस तेव्हाही एका जागी नव्हता. पडद्यांच्या उरलेल्या कापडात गुंडाळून गाडीच्या कप्प्यात ठेवते. एक गोष्ट मात्र मी ह्यांना सांगितलेली नाही, मिस्त्रींनाही नाही. सगळ्यांना मी ठासून सांगते की तो माळ मला पक्का ठाऊक आहे. कुठला ठाऊक गं. तू नुसता हात वर करायचीस आणि म्हणायचीस, "त्या वरल्या माळावर झालीस तू." त्या डोंगरात प्रत्येक वाटेला एक वरला माळ आहे. एकच असता तर मी चालत गेले असते.