खाऱ्या विहिरीचे पाच चिंचोके

अप्पा, आपल्या गावात मार्शल लॉ लागला त्याच्या आदल्या वर्षी तुम्ही गेलात. तेव्हापासून सांगीन सांगीन म्हणतोय आणि दरवेळी काहीतरी निमित्त काढून टाळतोय. आज दुकान बंद आहे, घरात कुणी नाही, निमित्तही उरलेलं नाही. तुम्हाला ठाऊक आहेच, मी कुठलीही गोष्ट सरळ सांगत नाही, आधी दहा वळसे घेतो. आज वळसे घेणार नाही असं ठरवलंय आणि पहिल्याच चार ओळी वळशात घालवल्या.

भवानी पेठेतल्या आपल्या मागांच्या खोलीत तुम्ही नवं काम निवडायचात ती रीत पेठेत कुणाचीच नव्हती. खडूनं जमिनीवर चौकोन आखायचे, एकेका कामाचा एकेक. ज्याच्या हातून ते काम व्हायचं त्यानं त्यात त्याला वाटेल त्या धोक्याची खूण मांडून तिच्यापुढं चिंचोक्यांचे दोन ढीग ठेवायचे. पहिला ढीग, धोका खरंच येईल का याचा. दुसरा, आला तर किती बुडवेल याचा. पाचाच्या वर ठेवायचे नाहीत. "पाच म्हंजे येणारच, एक म्हंजे आला तर नवल," असं तुम्ही प्रत्येकाला समजावून सांगायचात. दोन्ही ढिगांचा गुणाकार करायचा आणि ज्या कामातला मोठ्यात मोठा आकडा लहान, ते काम घ्यायचं. आणि चिंचोके ठेवले जात असताना तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसायचात. मालक बघतोय म्हटल्यावर मजूर खरं भय दाखवत नाही, असं तुमचं म्हणणं. कुणी किती ठेवले हे नंतरही विचारायचं नाही. मोजायचं काम माझं, कारण मी शिकलेला.

शिकलेला! मुंबईला दोन वर्षं काय राहिलो, मला त्या चिंचोक्यांची लाज वाटायला लागली होती. त्या साली दोन कामं समोर होती: सांगोल्याच्या बाजारात लुगड्यांचं दुकान, नाहीतर अक्कलकोट रस्त्याला जागा घेऊन सूत रंगवायला आपला स्वतःचा रंगखाना. रंगखाना माझ्या डोक्यातला. अक्कलकोटला सासऱ्यांपुढं मी तो झाला म्हणून सांगूनही बसलो होतो, तेही पंगतीत, चारचौघांसमोर.

त्या सकाळी तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसलेले आहात. माग थांबलेत. आपले रंगारी, ज्यांनी एकट्यानं वीस वर्षं आपलं सूत रंगवलं, ते चौकोनापाशी उकिडवे बसतात. विहिरीच्या पाण्याची खूण म्हणून त्यांनी एक वाटी ठेवलीय. तिच्यापुढं पाच चिंचोके, बाजूला आणखी पाच. आदल्या दिवशी ते त्या जागेवर जाऊन विहिरीचं पाणी चाखून आले होते. ते उठतात, माझ्याकडं बघून मान डोलावतात आणि कामाला निघून जातात. पाच पंचे पंचवीस. म्हणजे रंगखाना गेला. मी पहिल्या ढिगातले चार उचलले आणि कोटाच्या खिशात टाकले. इतकंच. श्वास घेण्याइतका वेळही लागला नाही. मग म्हणालो, "झालं, अप्पा," आणि तुम्ही वळलात. रंगखान्यातला मोठा आकडा आता पाण्याचा, पाच, निघाला; दुकानाच्या चौकोनातला बारा होता. तुम्ही रंगखाना घेतलात. रंगाऱ्यांना वाटलं, सावकारांनी, म्हणजे तुम्ही, पंचवीस बघूनही जागा घेतली, म्हणजे त्यांच्या मनात काहीतरी तोड असेल. झालेल्या निवडीवर उलट विचारायची रीत नव्हती.

पाणी खारं होतं. तांबडा रंग पहिल्या धुण्यातच सुटला आणि पांढऱ्या काठात उतरला. सांगोल्याच्या एका घरच्या नवरीचं लुगडं परत आलं, मग गठ्ठेच्या गठ्ठे आले. ते तुम्ही स्वतः खांद्यावरून आत आणलेत, मला हात लावू दिला नाहीत. आणि आयुष्यात पहिल्यांदा रीत मोडून तुम्ही रंगाऱ्यांना भरल्या खोलीत विचारलंत, "पाण्याचं तुमाला कळत होतं की. मग एकच चिंचोका का ठेवला?"

"पाच ठेवले होते, सावकार," ते म्हणाले.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तेही बघत होते, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता, मी आता सांगीनच अशी खात्री होती. मी म्हणालो, "एकच होता."

तुम्ही म्हणालात, "तुमच्या भरवशावर मी पाठ फिरवून बसत होतो," आणि आवाज असा फाटला की बाहेरच्या बायकांनी सुताच्या कांड्या भरायचं थांबवलं. ते खाली मान घालून गेले. पेठेत त्यांना पुन्हा कुणी सूत रंगवायला दिलं नाही. पुढं गिरणीच्या दारात हमाली करताना दिसायचे. आणि तुम्ही खडू पुन्हा हातात घेतला नाहीत.

त्याच दुपारी स्वयंपाकघरात आई कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढत होती. तुम्ही तुमच्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवलीत आणि आईला म्हणालात, "बुडालं तर बुडालं, पोरगं माझ्याशी खोटं न्हाय बोललं." मी ती भाकरी खाल्ली, अप्पा. थू माझ्यावर! चवीनं खाल्ली, कारण सकाळपासून भुकेला होतो.

आता लोक धंद्यातला सल्ला विचारायला माझ्याकडं येतात. मी त्यांना तुमची रीत सांगतो, भिंतीकडं तोंड करून बसण्याचंही सांगतो, आणि ते हरखतात. मोजणारा कोण असावा हे सांगायची वेळ आली की विषय बदलतो.

रंगारी अजून आहेत. दोन गल्ल्या सोडून राहतात. परवा समोरून आले. "बरं हाय का, धाकटे सावकार?" म्हणाले. घाई असल्यासारखं दाखवून मी पुढं गेलो. त्यांच्या घरची भाषा तेलुगू, पण सून मराठी चार बुकं शिकलेली आहे, पत्र आलं तर ती त्यांना वाचून दाखवील. तुम्हाला वाचून दाखवणारं कुणी नाही, म्हणून मी हे त्यांना न लिहिता तुम्हाला लिहिलं.