रंग हलता कामा नये

४ मार्च

लागली बाई एकदाची नोकरी, आणि वर राहायला जागासुद्धा! मोठ्या घराच्या तळमजल्यावर माझी कामाची खोली, अंगणापलीकडे आम्हा दोघांना दोन खोल्या, नळाला दिवसभर पाणी. आमच्या ह्यांनी आल्या आल्या सगळ्या खिडक्या उघडून-लावून पाहिल्या, घर जसं काही विकतच घेतलंय. कारखाना बंद पडल्यापासून माणूस घरात बसून नुसता सुकत चालला होता. आज शीळ घालत होता. मला तेवढं पुरे.

मालकीणबाई साठीच्या, बोलणं लोण्यासारखं. काम माझ्या हातचं आहे. चांदीच्या जुन्या नाण्यांवर रंग चढतो, सोनेरी, जांभळा, निळा, आणि शौकीन लोक त्या रंगापायी वेडे होतात. तो रंग वर्षानुवर्षांत आपसूक चढलाय की कुणी मुद्दाम चढवलाय, हे मी सांगायचं. भिंतीतल्या छोट्या खिडकीतून ताटलीत नाणं येतं, कुणाचं ते मला कळू देत नाहीत. चिठ्ठीवर एकच शब्द लिहायचा, ‘नैसर्गिक’ नाहीतर ‘बनवलेला’. खाली कारण लिहायची सक्ती नाही. पण मी गप्प बसणारी थोडीच!

७ मार्च

लोक काय एकेक करतात, हसू येतं. उकडलेल्या अंड्याशेजारी डबीत कोंडतात, तव्यावर भाजतात, औषधं फासतात, आणि मला शेंडी लावायला बघतात! खरा रंग घाई करत नाही. आधी फिकट पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा, असा कडेकडून आत सरकत जातो. अक्षरांच्या आडोशाला फिका राहतो. भाजलेला रंग मधल्या पायऱ्या गाळून थेट निळ्यावर उडी मारतो आणि अक्षरांवरून सांडल्यासारखा पसरतो.

संध्याकाळी ह्यांना हे सगळं शिकवायला बसले, तर म्हणाले, तुझ्या तावडीतून नाणं सुटत नाही, मी कसला सुटतोय. मी उशी फेकून मारली.

१२ मार्च

एक गंमतच आहे. काही नाणी एकाच ठिकाणची वाटतात. रंग अस्सल, पण भिंगाखाली बारीक रंध्रांचा ठसा. कापडाचा ठसा नेहमी दिसतो, हा कातड्याचा आहे. कुणीतरी कातडी पिशवीत ठेवत असणार, उबदार आणि जराशी दमट. मात्र सगळ्यांत एकच खोट, रंगाच्या कडा एका लयीत घासल्यासारख्या फाटलेल्या. मी चिठ्ठीवर ‘नैसर्गिक’ लिहिलं आणि खाली ठणकावलं की पिशवी हलते म्हणून रंग फाटतो. हलू दिली नाही, तर ह्या नाण्यांना तोड नाही.

१३ मार्च

मालकीणबाई स्वतः चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, अशी नजर आजवर पाहिली नाही. त्यांनी चढवलं हरभऱ्याच्या झाडावर आणि मी चढले. त्या विचारत गेल्या, मी सांगत गेले. कातडं जून झालंय, कोरडं पडलंय. निरोगी, भरल्या अंगाच्या जनावराचं बघा. खारट ओल हवी, ऊब एकसारखी हवी. आणि हलता कामा नये, काही झालं तरी. त्यांनी माझा हात हातात घेऊन थोपटला.

ह्यांनाही काम दिलं. वरच्या मजल्यावर मालकीणबाईंचे दीर आजारी पडून असतात, त्यांच्या सोबतीला बसायचं, एवढंच. माझा जीव भांड्यात पडला. आता हे कुणापुढे ओशाळणार नाहीत.

१९ मार्च

ह्यांचं जेवणाकडे लक्ष नाही. म्हणतात, दीर गळ्यापर्यंत चादरीत असतात, आणि ती चादर मालकीणबाईंचे डॉक्टर भाऊच उचलतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. सुरुवातीला फार तळमळायचे. मग डॉक्टरांनी सुई टोचायला सुरुवात केली, तेव्हापासून बोटसुद्धा हलत नाही. नुसते डोळे फिरतात आणि ह्यांच्यावर येऊन थांबतात. हे म्हणाले, मला नको हे काम. मी म्हटलं, आजारी माणूस बघणार नाही तर काय करणार! चार दिवस कळ काढा, लगेच काय घरी बसायची घाई.

नाणी मात्र आता काय सुरेख येताहेत! कडा अगदी स्वच्छ. माझं ऐकलं म्हणायचं कुणीतरी.

२३ मार्च

दीर गेले. सकाळी दोन माणसं लांबट पेटी घेऊन गेली. हे घरी आलेच नाहीत. मालकीणबाई म्हणाल्या, त्यांना ताप भरलाय, साथीचा असेल, वरच ठेवलंय, भाऊ बघतोय, तू वर येऊ नकोस. मी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आले.

२६ मार्च

अजून भेटू देत नाहीत. कपडे पाठवले ते तसेच परत आले.

ताटलीत आज वेगळं नाणं. पिशवी बदललीय. रंध्रं भरदार, आणि एवढ्यात रंग तांबूसपर्यंत पोचलाय. जिवाला घोर लागलेला, तरी सवयीने हात लिहून गेला. नैसर्गिक. नवं कातडं पहिल्यापेक्षा उत्तम, हेच ठेवा.

२७ मार्च

आज वर गेले.

दार नुसतं लोटलेलं होतं. हे पलंगावर, उघडे. खांद्यांपासून पोटऱ्यांपर्यंत नाणी, ओळीने, खळीसारख्या कशानेतरी चिकटवलेली, वरून पट्ट्या. जिथली काढलीत तिथे लाल गोल. कातडीच नाही तिथे. मी हाक मारली. डोळे माझ्याकडे वळले, बाकी काही हललं नाही.

मालकीणबाई माझ्या मागे उभ्या होत्या. चिडल्या नाहीत. म्हणाल्या, सगळं तू सांगितलंस तसंच केलंय, बाळ. तुझ्या नजरेला उतरलेलं नाणं जगात कुठेही खपतं. दार उघडं आहे, जायचं तर जा, पोलिसांतही जा. पण सुईचा असर भाऊ रोज थोडा उतरवतो, म्हणून श्वास चालू राहतो, आणि ते त्याच्याशिवाय कुणाला जमत नाही. नाणी पसंत पडताहेत तोवर तुझा नवरा जगेल.

घरी बसायची घाई करू नका, असं मीच म्हणाले ह्यांना. मीच पाठवलं परत.

२९ मार्च

संतापून ‘बनवलेला’ लिहिलं. वाटलं, निकामी ठरले तर सोडतील. मालकीणबाईंनी चिठ्ठी वाचली, घडी घातली. ह्यांना पाणी देणं बंद करायला सांगितलं. माझ्यासमोर.

३० मार्च

नाण्यावरूनच कळतं. रंग कोरडा, अडखळलेला. घसा सुकला असेल ह्यांचा. ‘नैसर्गिक’ लिहिलं. पाया पडले. म्हणाल्या, आता कशी शहाण्यासारखी वागलीस.

२ एप्रिल

ओल आलीय. जांभळ्यापर्यंत गेला. पाणी दिलं म्हणायचं. आहेत, आहेत! नाण्याला ओठ लावले — खारट —

५ एप्रिल

एका बाजूला कड किंचित फाटलेली. हलले! श्वास असेल, नाहीतर बोट — मी काही लिहिलं नाही, नुसतं ‘नैसर्गिक’. पण मालकीणबाईंनी भिंग मागून घेतलं. बराच वेळ बघत होत्या. माझ्याकडून शिकल्यात, त्यांनाही आता दिसतं —

६ एप्रिल

कडा स्वच्छ. काय केलं असेल त्यांनी वर — काय केलं —

७ एप्रिल

निळा. थेट निळा. पिवळा नाही, तांबूस नाही. अक्षरांवरून सांडलेला. रंध्रं नाहीत, एकही नाही. हे भाजलंय. म्हणजे वर आता —

नाही. भिंग पुसते. पुन्हा बघते.

पुन्हा निळाच.

खिडकीपलीकडे मालकीणबाई थांबल्यात. मऊ आवाजात विचारताहेत, काय गं, ठीक आहे ना. डॉक्टर त्यांच्याशेजारी येऊन उभे राहिलेत.

‘बनवलेला’ लिहिलं तर वर कुणी नाही. मी लिहीपर्यंत आहेत. मी लिहिलं नाही तर —

ह्यांना थंडी वाजत असेल. अंगातली ऊब उतरली असेल, म्हणून रंग असा — म्हणूनच. असं होतं कधी कधी. होतं. मी बघितलंय. ठीक आहे हो, नाणं ह्यांचंच आहे, मी ओळखते — हे घ्या, लिहिते, लिहितेय मी — नैस